पगार एकाचा, काम दोघांचं

भटजींची बायको, कीर्तनकारबुवांची बायको, गुरुजींची बायको, पाळकसाहेबांची बायको. या चौघीजणींचं दुखणं एकच. नेमणूक नवऱ्याची होते, पगार नवऱ्याच्या हातात पडतो आणि काम मात्र दोघांनी ओढायचं असतं. तिचं नाव ना हजेरीपटावर, ना वेतनपत्रकावर. पण ती चार दिवस माहेरी गेली की सगळ्या गावाला कळतं, की अरे, काहीतरी थांबलंय.

आमच्या कुडपणात हे फार जवळून पाहायला मिळायचं. पोलादपूर तालुक्याच्या पार टोकाला, सह्याद्रीच्या कड्यांमध्ये बसलेलं आमचं गाव. तानाजी मालुसऱ्यांच्या शेलारमामांचं गाव म्हणून लोक ओळखतात. पावसाळ्यात धबधबे बघायला पोरं येतात, फोटो काढतात, परत जातात. एरवी वर्षभर गावात म्हाताऱ्या, बाया आणि मुलं. कर्ते पुरुष मुंबईला. अशा ठिकाणी बदली होऊन गुरुजी यायचे, तेव्हा बरोबर त्यांची मंडळीही यायची. मुंबईहून आलेलं पत्र वाचून दाखव, उलटटपाली उत्तर लिहून दे, मनीऑर्डर आली की अंगठा कुठे लावायचा ते सांग, कुणाच्या सुनेचं पोट दुखतंय तर ओवा-गरम पाणी दे, हे सगळं मास्तरीणबाईंकडे. खरं म्हणजे त्या मास्तरीण नव्हत्याच. पण आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणायचो, आणि त्यांनीही कधी ‘मी नाही बाई’ असं म्हटलं नाही.

‘मंडळी’ हा शब्द बघा किती गमतीचा आहे. आपल्याकडे जुन्या वळणाचा नवरा बायकोचं नाव घेत नसे. ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ असं म्हणायचा. आणि मराठी ख्रिस्ती माणसं ‘मंडळी’ म्हणतात ती आपल्या चर्चमधल्या समाजाला. राहुरीची मंडळी, नगरची मंडळी. तिच्यावर देखरेख करतो तो पाळक. म्हणजे पाळक होणाऱ्या माणसाला दोन मंडळ्या सांभाळायच्या असतात. एक घरातली, एक चर्चमधली. घरातली आणि बाहेरची यांची गाठ पडली तर संसार चालतो, नाहीतर त्या माणसाचे हाल कुत्रा खात नाही. हे ज्या एका मराठी जोडप्याने अक्षरशः जगून दाखवलं, त्यांच्याविषयी आज लिहायचंय. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक.

आता तुम्ही म्हणाल, कुडपणच्या डोंगरात बसून हिला पाळकाच्या संसाराची आठवण कुठून झाली? आमच्या गावात काही मी चर्च पाहिलेलं नाही. पण पोलादपूर-महाडवरून वाहणारी आपली सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते, त्या बाणकोटला मिशनरी फार लवकर येऊन पोचले होते. स्कॉटलंडहून डोनाल्ड मिचेल नावाचे पहिले धर्मोपदेशक १८२३ साली आले आणि त्याच वर्षी तापाने गेलेसुद्धा. त्यांच्या मागून आणखी आले. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट मुंबईला उतरले, आणि मराठी शिकण्यासाठी बाणकोट-हर्णैच्या बाजूला येऊन राहिले. ज्या विल्सनसाहेबांच्या नावाचं गिरगाव चौपाटीवर कॉलेज आहे, तेच हे. नवऱ्याचं नाव कॉलेजवर राहिलं. मार्गारेटबाईंनी काय केलं? त्या मराठी शिकल्या आणि मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. मुलींना शिकवणं हे खूळ समजलं जायचं त्या काळात. सहा वर्षांत, १८३५ च्या एप्रिलमध्ये, त्या इथेच वारल्या. पुढे पुण्यात जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि सावित्रीबाईंनी पुण्याच्या मिसेस मिचेल आणि नगरच्या मिस फरार यांच्याकडे शिक्षिकेचे धडे घेतले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. तेव्हा हा धागा आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाही.

पण त्या गोऱ्या बायका. त्या परक्या मुलखात आल्या हे धाडस खरंच, मात्र स्वतःच्या माणसांपासून तुटून त्यांना इथे यावं लागलं नाही. मागे घरचे लोक कौतुकाने पत्रं पाठवत होते. लक्ष्मीबाईंचं तसं नव्हतं. त्यांनी जे केलं ते आपल्याच माणसांत, आपल्याच भाषेत, आपल्याच चुलीपाशी.

टिळक मूळचे कोकणातलेच. रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव हे त्यांचं जन्मगाव, साल १८६१. लहानपणी आई गेली आणि पोरगा घरातून बाहेर पडला. नाशिकला आला, संस्कृत शिकला, कविता करू लागला. एका जागी बसणं हे त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. लक्ष्मीबाई १८६८ च्या. माहेरचं नाव मनकर्णिका, आडनाव गोखले, गाव नाशिकजवळचं जलालपूर. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. तो धक्का त्यांच्या वडिलांनी असा घेतला, की सोवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. शिवाशिवीच्या भीतीने घरातल्या बायका दिवसभर पाण्यात. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सगळं लक्ष्मीबाईंनी इतकं हसतहसत सांगितलंय, की वाचताना आपणही हसतो, आणि मग एकदम लक्षात येतं, की त्या लहान पोरीला तेव्हा थंडीत कुडकुडायला झालं असेल.

अकरा वर्षांच्या असताना लग्न झालं. नवरा वयाने थोडा मोठा, हुशार, देखणा, प्रेमळ आणि तापट. मनात आलं की घर सोडून निघून जाणारा. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव. खिशात पैसा टिकायचा नाही. समोर कुणी गरजू दिसला की देऊन मोकळे. बायको घरात काय शिजवणार हा विचार नंतर. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं, तेव्हा पहिल्या भागापर्यंत टिळकांचा मला इतका राग आला होता, की पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या शेजारणीने वाचलं, ती म्हणाली, ‘अगं, असा एक आमच्याकडे पण आहे, फक्त तो कविता करत नाही.’

बाईला वाचायला मात्र टिळकांनीच शिकवलं. शिकवताना चिडायचे, पुस्तक फेकायचे, परत शिकवायचे. जोडाक्षरांशी लक्ष्मीबाईंचं कधी फारसं जमलं नाही. आणि ह्याच बाईने मराठीतलं एक अव्वल दर्जाचं आत्मचरित्र लिहिलं. शुद्धलेखनाच्या तासाला ज्या मुली रडतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक अनोळखी गोरे गृहस्थ भेटले. बोलणं धर्मावर आलं. उतरताना त्यांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि सांगितलं, की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी तो ग्रंथ वाचायला घेतला. आधीपासून जातिभेदाने, रूढीने, देशाच्या अवस्थेने त्यांचं डोकं तापलेलं होतंच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी कुणाला पत्ता नाही. लक्ष्मीबाई माहेरी, पदरात साडेतीन-चार वर्षांचा दत्तू.

आपण आज धर्मांतर म्हटलं की एकदम वादावर येतो. कुणी म्हणतं पैशासाठी, कुणी म्हणतं फसवून. टिळकांपुरतं बोलायचं तर पैसा या माणसाला आयुष्यभर चिकटलाच नाही, आणि ज्याने स्वतः वेदांपासून तुकारामापर्यंत सगळं चाळलं होतं त्याला कोण फसवणार? त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. प्रश्न वेगळाच आहे. एका माणसाने आपल्या आत्म्यासाठी निर्णय घेतला. त्या निर्णयाचा सगळा भार ज्या दुसऱ्या माणसावर पडणार होता, तिला आधी विचारलं गेलं नाही.

विचार करा तिच्या जागी आपण असतो तर. कुंकू आहे, मंगळसूत्र आहे, नवरा जिवंत आहे, पत्रं पाठवतोय, ये म्हणतोय. पण त्याच्याकडे जायचं म्हणजे जात गेली, माहेर गेलं, मुलाची मुंज गेली. आणि जायचं नाही म्हणजे जन्मभर भावा-बहिणीच्या दारात. लक्ष्मीबाई खचल्या, आजारी पडल्या. नातेवाईक त्यांना पंढरपूरला घेऊन गेले. तिथे त्या राहिल्या. दुःख ओव्यांतून, कवितेतून बाहेर येऊ लागलं. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर बायको कवयित्री झाली, असंही म्हणता येईल.

काही वर्षं अशी गेली. मग त्यांनी ठरवलं, नवऱ्याजवळ राहायचं. धर्म मात्र सोडायचा नाही. हे त्या काळात दोन्ही बाजूंना न पटणारं होतं. अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. त्या मिशनचं नगरचं ठाणं १८३१ पासूनचं. तिथे ख्रिस्ती वस्तीत एक ब्राह्मण बाई सोवळ्याने स्वयंपाक करतेय, आपलं पाणी वेगळं भरतेय, नवऱ्याला वेगळं वाढतेय. टिळकांनी तिच्या सोवळ्याची चेष्टा केली असेल, पण सक्ती केली नाही. या एका गोष्टीसाठी त्यांच्यावरचा माझा निम्मा राग गेला.

नगर-राहुरीच्या त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात जातीचा विचार घोळायला लागला. कुणी व्याख्यान दिलं म्हणून नव्हे. त्यांनी स्वतःच मनाशी हिशेब मांडला. देवाने जनावरं वेगवेगळी केली तर ती दिसायला वेगळी केली. माणसाच्या जाती त्यानेच केल्या असत्या, तर काहीतरी खूण ठेवली असती ना अंगावर? तशी काही खूण नाही. म्हणजे हे माणसाचं काम. एकदा हे पटल्यावर बाईने मागेपुढे पाहिलं नाही. यापुढे कुणाच्याही हातचं खाईन, कुणाच्याही हातचं पाणी पिईन, असं ठरवलं आणि तसं केलं. ज्या घरात लहानपणी आल्यागेल्या वस्तूवर पाणी ओतलं जायचं, त्या घरची ही मुलगी.

आम्हा महाडच्या बाजूच्या लोकांना पाणी या शब्दाचं महत्त्व कुणी सांगायला नको. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं, ते साऱ्या जगाला माहीत आहे. त्याच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं आधी एक बाई आपल्या स्वयंपाकघरात, कुणाला न सांगता, त्याच प्रश्नाशी झगडत होती. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. ज्याला पाणी नाकारलं गेलं त्याचा लढा आणि जिने नाकारायचं सोडलं तिचा बदल, हे एक कसं होईल? पण माठाच्या अलीकडची बाई बदलल्याशिवाय माठाच्या पलीकडच्या माणसाला घोटभर पाणी सुखाने मिळत नाही, हेही खरंच.

या सगळ्यानंतर, १९०० मध्ये, लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून पाच वर्षांनी. आधी जात गेली, मग धर्म बदलला, असा तो क्रम. बरेच लोक लिहितात, की ‘पतीच्या मागोमाग त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.’ मागोमाग कसलं? पाच वर्षं म्हणजे काय थोडी झाली?

त्याच सुमाराला, १८९९-१९०० मध्ये, मोठा दुष्काळ पडला. त्याआधीपासून प्लेग होताच. नगर जिल्हा आधीच पर्जन्यछायेतला. माणसं गावं सोडून बाहेर पडली, पोरं रस्त्यावर उरली. मिशनच्या अनाथालयांत मुलं भरली गेली. आणि टिळकांच्या घरातही. टिळकांनी मूल घरी आणायचं, आणि ते न्हाऊमाखू घालणं, उवा काढणं, रात्री उठून पांघरूण घालणं लक्ष्मीबाईंनी करायचं. कुठल्या जातीचं, कुणाचं, हे विचारायचं कारण आता उरलं नव्हतं. प्लेगच्या दिवसांत लोक आपल्या माणसाला हात लावायला घाबरत होते. अशा वेळी त्या रुग्णांच्या आणि मुलांच्या सेवेला उभ्या राहिल्या. मिशनने त्यासाठी त्यांना कुठलं पद दिलं होतं असं नाही.

टिळक नगरच्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत होते. १९०४ मध्ये त्यांना रीतसर पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि राहुरीच्या मंडळीचं काम त्यांनी पाहिलं. राहुरी म्हणजे तेव्हा काही मोठं गाव नव्हे. आसपासच्या खेड्यांतली मंडळी बहुतेक महार-मांग समाजातून आलेली. हातावर पोट. रविवारी उपासना, मधल्या दिवसांत कुणाचं लग्न, कुणाचं दफन, कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं भांडण मिटवायचं, कुणाचा अर्ज लिहायचा. दूरून बघणाऱ्याला वाटतं, की पाळकाचं काम म्हणजे रविवारचा उपदेश. खरं काम सोमवार ते शनिवार असतं.

आणि हे सोमवार ते शनिवारचं काम कोण करतं? पाळक घरात असेल-नसेल. दार पाळकिणीला उघडावं लागतं. जेवायच्या वेळेला आलेला माणूस उपाशी परत जाता कामा नये. नवऱ्याने मारलेली बाई तिच्याकडेच येते, चर्चच्या पंचांकडे जात नाही. उपासनेत लहान मुलं रडली तर सगळे पाळकिणीकडे बघतात. तिच्या अंगावरचं लुगडं जुनं असलं तर बायका म्हणतात, बघा कशी राहते. नवं असलं तर म्हणतात, बघा आमच्या वर्गणीचं! हे मी कुठल्या पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या ओळखीच्या एक पाळकीणबाई आहेत, त्यांनी हसत सांगितलेलं आहे. त्या असंही म्हणाल्या, की लग्नाआधी चर्चच्या लोकांनी त्यांची मुलाखत घेतली होती, ‘पेटी वाजवता येते का?’ म्हणून.

टिळकांचं मोठेपण हे, की या साध्या मंडळीला त्यांनी तिची भाषा दिली. तोवर मराठी चर्चमध्ये बरीच गाणी विलायती चालीवर, भाषांतर केलेली. खेड्यातली माणसं ती म्हणणार कशी? टिळकांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तन हाताशी घेतलं. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. मराठी ख्रिस्ती लोकांचं ‘उपासना संगीत’ नावाचं गीतांचं पुस्तक आहे, त्यात त्यांची शंभरावर गीतं आहेत. आजही रविवारी नगरपासून मुंबईपर्यंत ती गायिली जातात. टाळ-पेटीवर. ‘ज्ञानोदय’ या १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या जुन्या पत्राच्या मराठी भागाचं संपादन त्यांनी १९१२ पासून शेवटपर्यंत केलं.

अशा घरी कवी नाही आले तरच नवल. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे एका सोळा-सतरा वर्षांच्या पोराने सगळ्यांना थक्क केलं. ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. टिळकांनी त्यांना आपल्या घरी नेलं. आता बघा, घर आधीच भरलेलं, पगार आधीच अपुरा, त्यात आणखी एक हट्टी, लहरी, खाण्यापिण्याचे नखरे असणारा मुलगा. नेला कुणी, सांभाळला कुणी? लक्ष्मीबाईंनी त्यांना आपल्या मुलासारखंच वागवलं. दोघांची भांडणं, रुसवे, चेष्टामस्करी वाचताना हसून मुरकुंडी वळते. शाळेत आपण श्रावणाची कविता पाठ केलेली असते, पण त्या कवीला जेवायला कोण वाढत होतं हे आपल्याला कुठल्या धड्यात सांगितलं जात नाही. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अठ्ठावीससुद्धा पुरतं झालेलं नव्हतं.

लक्ष्मीबाईंचा स्वभाव रडका नव्हता, हे सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या लिहिण्यावरून वाटेल की बाई नुसती सोसत बसली. अजिबात नाही. टिळक चिडले की त्याही चिडत. ते पैसे वाटून येत, त्या पुढच्या वेळी आधीच दडवून ठेवत. स्वतःची फजिती त्या अशी सांगतात, की समोरच्याला वाटावं ही दुसऱ्याच कुणाची गोष्ट. आणि टिळकांवरचं प्रेम? ते कुठेही शब्दाने म्हटलेलं नाही, पानापानावर आहे. भांडणाच्या वर्णनातही आहे. नवरा महापुरुष होता म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवायचं, असं त्यांनी केलं नाही. त्यामुळे टिळक आपल्याला माणूस म्हणून कळतात.

मिशनरी साहेबांशी टिळकांचं प्रेमही होतं आणि खटकेही उडत. या देशातली मंडळी या देशातल्या माणसांनी चालवावी, साहेबांच्या पगारावर आणि साहेबांच्या रीतीवर नव्हे, हा त्यांचा आग्रह. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कल्पना मोठी होती. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ज्यांना ख्रिस्ताच्या वाटेने जावंसं वाटतं ते सगळे एकत्र. भारतीय पद्धतीने, संन्यस्त वृत्तीने.

मी हे प्रकरण वाचताना दोनदा थांबले. पन्नाशी उलटलेली. दत्तू मोठा झालेला, पण मुलगी अजून लहान. नवरा सांगतोय, आजपासून पगार नाही. आयुष्यात दुसऱ्यांदा त्याने सगळं सोडलं. पहिल्या वेळी बायकोला मागे ठेवून सोडलं, या वेळी बायको बरोबर होती. हा फरक मात्र मोठा. लक्ष्मीबाईंच्या पोटात गोळा आला असेलच, कुणाच्या येणार नाही? संन्यास घेणाऱ्याच्या घरातही संध्याकाळी भाकरी लागते. पण त्या आता कुणाची तरी मंडळी म्हणून मागे राहणाऱ्या बाई नव्हत्या.

दरबार फार दिवस चालला नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळकांचं निधन झालं.

पुढची सतरा वर्षं लक्ष्मीबाईंची एकटीची. त्यातला काही काळ त्या कराचीला राहिल्या. नंतर नाशिकला आल्या. टिळकांनी येशूचं चरित्र ओवीबद्ध लिहायला घेतलं होतं, ‘ख्रिस्तायन’. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय होऊन ते राहून गेलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं आणि साठावर अध्याय लिहून जवळपास पुरं केलं. जोडाक्षरं न येणाऱ्या बाईने! १९३३ मध्ये नागपूरला मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं, त्याच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या.

‘स्मृतिचित्रे’ त्यांनी लिहिली ती मुलाच्या आग्रहावरून. टिळकांचं चरित्र लिहायचं म्हणून आठवणी गोळा करताना देवदत्तांनी आईला म्हटलं, तूच लिही. ‘संजीवनी’मधून त्या आठवणी येऊ लागल्या. १९३४ पासून पुस्तकाचे भाग निघाले. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी तालुक्याच्या वाचनालयात मागून बघा. जुनी, पानं सुटलेली प्रत मिळाली तरी चालेल. बाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादन केलेली आवृत्तीही आहे, त्यात तळटीपा चांगल्या आहेत. विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपट केला होता, सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या. माझ्या वयाच्या कुणाकुणाला तो आठवत असेल. आमच्याकडे तेव्हा वीज होती, पण डोंगरामुळे टीव्हीवर मुंग्याच जास्त दिसायच्या. मी तो पुढे महाडला नातेवाइकांकडे पाहिला.

एक गोष्ट मात्र खटकते. टिळकांचं पाळकपद नोंदलेलं आहे, दीक्षेचं साल सापडतं, कुठल्या मंडळीत काम केलं ते सापडतं. लक्ष्मीबाईंनी राहुरीला आणि नगरला किती मुलं वाढवली, किती बाळंतपणं केली, किती जणांना जेवू घातलं, याचा आकडा कुठेही नाही. त्यांनी स्वतःही मोजला नाही. ‘स्मृतिचित्रे’ लिहिली नसती, तर रेव्हरंड टिळकांच्या चरित्रात ‘त्यांच्या पत्नीनेही त्यांना मोलाची साथ दिली’ एवढं एक वाक्य आलं असतं आणि प्रकरण संपलं असतं.

२४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. चौथा भाग हातात होता. तो देवदत्तांनी पुरा केला, आणि त्यांच्या मागे छापून आला.